आधी पान उलटा, मग पंप उचला

(जिल्हा बैठकीतील भाषण)



कपाशी-ज्वारीवाल्यांच्या बैठकीत मी शेडनेटमधल्या भाजीवर बोलणार आहे, त्याला कारण आहे. पाऊस दगा देतो म्हणून आपल्यातल्या काही जणांनी कर्ज काढून दहा-वीस गुंठ्यांवर जाळी उभी केली. उन्हाळा आला, झाड बिघडलं, की आपण पान खिशात घालून दुकान गाठतो. दुकानदार बाटली देतो. रोग काय आहे, हे मात्र कोणीच पाहत नाही.

मीही तेच केलं. पहिल्या उन्हाळ्यात माझ्या काकडीच्या पानांवर बारीक पिवळे ठिपके पडले. दुकानातून बुरशीनाशक आणलं. मग टॉनिक आणलं. मग दोन औषधं एकत्र करून मारली. पानं तांबूस होऊन वाळली. शेवटी एक पान उलटं करून पोराच्या वहीच्या कोऱ्या पानावर झटकलं, तर धुळीसारखे ठिपके चालायला लागले! तो कोळी होता. त्याला आठ पाय असतात, तो कीटक नव्हे. बुरशीनाशकानं तो कसा मरणार? कीटकनाशकंही पुष्कळशी त्याच्यावर चालत नाहीत. उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोरड्या उन्हात कोळी आणखी फोफावतो. पीक गेलं, हप्ता राहिला.

भावांनो, निदान आपल्याला नवं नाही. ज्वारीचा पोंगा वाळला की आपण तो ओढून पाहतो. अलगद हाती आला, बुडाशी कुजका वास आला, की खोडमाशी ओळखतो. तीच नजर जाळीत न्यायची. स्वतःला चार प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न : बिघाड सगळीकडे सारखा आहे की ठिकठिकाणी? सगळ्या ओळी एकाच वेळी बिघडल्या तर आधी ऊन, पाणी, खत किंवा कालची फवारणी तपासा. ड्रिपरजवळ पांढरा थर आणि पानांच्या कडा करपलेल्या दिसल्या तर क्षाराचा संशय घ्या. तिथं खत वाढवू नका. विहिरीचं पाणी तपासून घ्या. बिघाड कोपऱ्यातून सुरू होऊन पसरत असेल तर कीड-रोग शोधा.

दुसरा प्रश्न : दुपारी माना टाकलेलं झाड सकाळी ताठ होतं का? होत असेल तर तो बहुधा उन्हाचा ताण. होत नसेल तर एक झाड मुळासकट उपटा. तुरीच्या मुळावरच्या गाठी नखानं सुटतात. सूत्रकृमीची गाठ सुटत नाही, मूळच फुगलेलं असतं. गाठी नसतील तर टोमॅटोचं खोड बुडाशी कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरा. दुधासारखी धार सुटली तर जीवाणूंचा मर रोग. ते झाड औषधानं वाचत नाही. उपटून बाहेर न्या.

तिसरा प्रश्न : पान कुठे वळलं? मिरचीचं पान वर वळून द्रोणासारखं झालं तर बहुधा फुलकिडे. कडा खाली वळून उलट्या होडीसारखं झालं तर बहुधा कोळी. दोघांची औषधं वेगळी. झाड खुजं आणि शेंडा आखडलेला असेल तर पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू असू शकतो. विषाणूवर औषध नाही. झाड काढा आणि माशी आवरा.

चौथा प्रश्न : फूल-फळाचं काय? दिवसा पारा ३५ अंशांवर आणि रात्रही तापलेली, मग टोमॅटोचे परागकण निकामी होतात, फूल गळतं. तिथं टॉनिक काय करणार? सावली, हवा आणि पाणी बघा. फळाच्या बुडाशी काळा खोलगट डाग म्हणजे कॅल्शियम फळापर्यंत पोचलं नाही. आपल्या काळ्या जमिनीत चुना कमी नसतो. पाण्याचा नेम चुकलेला असतो. एक दिवस भरपूर आणि दोन दिवस कोरडं, असं करू नका. थोडं थोडं, रोज द्या.

मायबहिणींनो, तोडणी तुम्ही करता, झाड सर्वांत आधी तुम्हालाच दिसतं. दहा रुपयांची वही आणि एक भिंग जाळीच्या दारात टांगून ठेवा. दिसलं ते तारखेसह लिहा.

औषध मारायचंच नाही, असं मी म्हणत नाही. कशासाठी मारतो ते कळल्याशिवाय मारू नका, एवढंच म्हणतो. पुढच्या बैठकीला बिघडलेलं झाड मुळासकट पिशवीत बांधून आणा. दहाजण मिळून पाहू. बाटली नंतर.