नावामागील मायना

आपल्या पावस गावातील ज्या घरांचे कर्ते पुरुष पोटापाण्यासाठी मुंबईस गेले, त्या घरांत येणाऱ्या कार्डावर स्त्रीच्या नावामागे जी एकदोन अक्षरे असत, ती वाचताच तिची सारी स्थिती परक्यालाही कळे, ‘सौ.’ असेल तर पती हयात आहे, ‘गं. भा.’ म्हणजे गंगाभागीरथी असेल तर तो निवर्तला आहे. पुरुषाच्या नावामागील ‘रा. रा.’, अर्थात राजमान्य राजेश्री, आणि पुढे रूढ झालेले ‘श्री.’, हे मात्र ना विवाहाने बदलले, ना पत्नीच्या निधनाने.

गंगाभागीरथी हे बिरुद पावित्र्याचे आहे खरे, आणि १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती गमावून पुढे १७६७ पासून १७९५ पर्यंत होळकरांच्या दौलतीचा कारभार पाहणाऱ्या अहिल्याबाईंना ‘मातोश्री’ म्हणणाऱ्यांच्या मनात आदर होता, याविषयीही मला शंका नाही. परंतु सामान्य घरातील विधवेस हा पवित्र मायना लिहिणारेच तिला हळदीकुंकवातून वगळीत आणि मंगलकार्यात माजघराबाहेर येऊ देत नसत, तेव्हा त्या पावित्र्याला मी सन्मान म्हणू शकत नाही.

आपल्याच मुलखातील देवरुखच्या गोदूबाई बालवयात विधवा झाल्या, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकल्या आणि १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह करून आनंदीबाई झाल्या. विधवाविवाहास १८५६ सालीच कायद्याची मंजुरी मिळाली होती, तरीही कर्व्यांच्या मुरुड गावाने त्या दांपत्यावर बहिष्कार घातला. आनंदीबाईंना पुन्हा ‘सौ.’ म्हणण्यास सरकारची हरकत नव्हती, हरकत होती ती गावाची. म्हणूनच कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे इत्यादी प्रथा बंद करण्याचा ठराव केला, याचे मोल मला फार वाटते, कारण तेथे गावच बोलले.

राहिला ‘श्रीमती’ हा शब्द. हिंदी मुलखात तो विवाहितेचा, आपल्याकडे बहुधा विधवेचा, आणि सरकारी कागदोपत्री बहुतेक सर्वच स्त्रियांचा. हा शेवटचा प्रघात मला उचित वाटतो. जिला ‘सौ.’ लावणे प्रिय असेल तिने ते खुशाल लावावे. पण लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेत घरातील सर्व स्त्रियांच्या नावांमागे ‘श्रीमती’ छापले, तर निमंत्रकांच्या यादीतून विधवा थोरल्या काकूंचे नाव गाळण्यास कोणास निमित्त उरणार नाही.