कान आधी, पाटी मग

(प्राथमिक शिक्षकांच्या सभेत केलेले भाषण)



सहा वर्षांचे मूल शाळेत येते ते मुके येत नाही. घरची सारी भाषा ते तोंडात घेऊनच येते. तोंडातला आवाज पाटीवर कसा उतरवावा, एवढेच आम्ही त्यास शिकवायचे असते. पण बहुजनांच्या लेकरांची वाट नेमकी येथेच अडते. तिसरीपर्यंत ज्याला वाचता आले नाही, त्यास गणिताचे उदाहरणही उलगडत नाही. ते मागच्या भिंतीस टेकून बसते, आणि ऊसतोडीचा हंगाम आला की आईबापांबरोबर निघून जाते. त्यास शाळेतून कोणी काढले नाही, तरी ते गेलेच!

जुनी रीत अशी की, आधी क पासून ज्ञ पर्यंत घोकंपट्टी, मग बाराखडी, आणि शब्द सर्वांच्या शेवटी. असे मूल 'क, म, ळ' ही तीन अक्षरे खडखडीत म्हणते, पण त्यांत कमळ त्यास दिसत नाही. कारण उघड आहे. बोलताना आपण शेवटच्या ळ मधला अ उच्चारीतच नाही. सुटे आवाज जोडून शब्द ऐकणे ही निराळी विद्या आहे, व ती पाटीआधी कानाला द्यावी लागते. 'घर' मधला घ काढून स घातला तर काय होईल? सर. व घातला तर? वर. असा खेळ रोज दहा मिनिटे घ्यावा. मग क, म, र, घ, ळ ही पाचच अक्षरे व एक काना द्यावा. एवढ्यात घर, काम, मका, मळा, माळ, कमळ इतके शब्द मूल वाचते. वाचता येते ही गोडी त्यास लवकर लागली पाहिजे. घ आणि ध, भ आणि म ही सारखी दिसणारी अक्षरे मात्र एका आठवड्यात शिकवू नयेत.

आपल्या लिपीच्या काही खोडी आहेत. त्या मुलास उघड सांगाव्यात. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढतात, पण उच्चार मागाहून होतो. 'सूर्य' मधला र य च्या आधी ऐकू येतो, पण बसतो य च्या डोक्यावर. त्याच र ची प्रकाश, राष्ट्र, वाऱ्यावर यांत आणखी तीन रूपे. 'चाक' व 'चंद्र' यांतले च दोन, अक्षर एकच. हे न सांगता मूल चुकले म्हणून त्यावर डोळे वटारणे हा अन्याय होय.

आता शुद्धलेखन. ऱ्हस्वदीर्घाचा भेद बोलीत कानाला फारसा लागत नाही, म्हणून येथे जोड्या कामी येतात: फूल–फुलाला, मूल–मुलाला, तूप–तुपात, विहीर–विहिरीत. अशा वीस जोड्या लिहिल्या की नियम मूल स्वतःच सांगते. गुण, विष असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मागाहून वेगळे दाखवावेत.

पण बंधूंनो, 'शुद्ध' या शब्दाचा सोवळेपणा वर्गात आणू नका. १९६२ पूर्वी 'कांहीं', 'नांव', 'केलें' असे न लिहिणारा अशुद्ध ठरे. १९६२ च्या नियमांनी ते न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, आणि कालचे अशुद्ध आज शुद्ध झाले. नियम माणसे करतात व माणसेच बदलतात. जोतीरावांच्या भाषेची 'निबंधमाले'त टवाळी झाली, म्हणून त्यांचा विचार अडला काय? अर्जाला, परीक्षेला प्रमाण लेखन लागते, म्हणून ते पक्के शिकवावे. मूल 'पानी' लिहिते तेव्हा त्याचा कान प्रामाणिक असतो. त्यास म्हणावे, "बाळा, घरी पानी, पुस्तकात पाणी, दोन्ही आपलीच."

शब्दसंग्रहाचेही तेच. पाभर, कोळपे, कासरा, वेसण, वाफा हे मुलाचे धन आहे. ते फळ्यावर आले पाहिजे. 'पेर' वरून पेरा, पेरणी, पेरलेले अशी वेल वाढवावी. मग 'बाष्पीभवन' आले तर दोरीवरचे ओले धोतर दाखवावे. नवा शब्द जुन्या अनुभवाला बांधला की सुटत नाही. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत असे मागितले. ज्याला मुलाचे शब्द ठाऊक, तोच त्यास पुस्तकाच्या शब्दांपर्यंत नेऊ शकतो.

सरकारने २०२१ साली 'निपुण भारत' मोहीम काढून तिसरीपर्यंत प्रत्येक मुलास वाचता यावे असे ठरविले. कागद चांगला आहे. पण कागद वाचून दाखवीत नाही, शिक्षक दाखवितो. आणि आयांनो, तुम्हांस अक्षर येत नसले तरी कान आहेत. चुलीपाशी रोज दहा मिनिटे लेकराचे वाचन ऐका. ते अडखळले की तुम्हांस कळेलच, आणि आई ऐकते आहे हे त्यासही कळेल.