ट्रॉलीची टेल लाईट: सात पिनांचं सॉकेट आणि चुकलेली पांढरी वायर

या भागात कोडिंग नाही, एआय नाही, नोकरीचे सल्ले नाहीत. आज ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधल्या वायरीबद्दल बोलायचंय. ऐकणाऱ्यांपैकी निम्मे तरी जुन्नर-आंबेगावकडचे आहात. तुमच्या घरी ट्रॉली नसेल तर शेजारी असेल, आणि तीही नसेल तर तुम्ही तिच्या मागून बाईकवर नक्की गेलेले आहात.

आधी तेच सांगतो. उसाचा हंगाम चालू आहे. पारगावला भीमाशंकर, इकडे शिरोलीला विघ्नहर. दोन्ही कारखान्यांकडे रात्रभर ट्रॅक्टर चालू असतात, एकामागे दोन-दोन ट्रॉल्या. आता हिशोब करा. तुम्ही बाईकवर साठच्या स्पीडने येताय, पुढे भरलेला ट्रॅक्टर पंधराने चाललाय. म्हणजे तुम्ही त्याच्याकडे ताशी ४५ किलोमीटरने, सेकंदाला साडेबारा मीटरने जाताय. समोरून गाडी येतेय म्हणून तुमचा हेडलाईट डिप्परला आहे. ट्रॉलीला दिवा नाही, ऊस आणि अंधार एकाच रंगाचे. ती ४० मीटरवर दिसली, तर हातात जेमतेम तीन सेकंद आहेत. त्यातला एक-दीड सेकंद आपल्या डोक्याला 'अरे, हे काय आहे' हे कळायलाच लागतो. आपल्या खोडद आणि आसपासच्या भागात ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश दुसऱ्या आकाशगंगांचे सिग्नल पकडतात, आणि त्याच तालुक्यात चाळीस मीटरवरची ट्रॉली दिसत नाही.

लोक म्हणतात, ड्रायव्हर दिवे लावतच नाहीत. काही नाही लावत, खरंय. पण मी विचारत फिरलो तेव्हा बहुतेकांचं उत्तर एकच होतं: 'दादा, लावतो ना, पण दोन खेपांत बंद पडतात.' म्हणजे हा नुसता शिस्तीचा प्रश्न नाही, वायरिंगचा पण आहे. आणि वायरिंग डीबग करता येतं.

माझे चुलते, तात्या, यांच्या ट्रॉलीचंच उदाहरण घेतो, कारण ती भानगड भारी होती. मी शनिवारी पुण्याहून आलो होतो. रात्री पारगावला खेप जायची होती आणि तात्या वैतागलेले. ट्रॉलीला नवीन केबल टाकून पंधरा दिवस झालेले. टाकली कुणी ते नाव जाऊ द्या. तेव्हापासून बल्ब तीनदा बदलले, फ्लॅशर बदलला, फ्यूज किती उडाले त्याची मोजदाद नाही.

लक्षणं अशी. अंगणात ट्रॅक्टर उभा असताना उजवा इंडिकेटर टाकला, तर डावी टेल लाईट मिचकते. उजवा नाही, डावी! डावा इंडिकेटर टाकला तरी तीच मिचकते. ब्रेक दाबला तर तीच मंद पेटते, ब्रेकचे बल्ब गप्प. पार्किंग लावलं तर डावीकडचा दिवा मस्त पेटतो, उजवीकडे अंधार. आणि रस्त्याला लागलं की काही वेळ इंडिकेटर, ब्रेक सगळं नीट चालतं, मग एक खड्डा येतो आणि पार्किंगचा फ्यूज जातो. तात्या म्हणाले, "भूत आहे रे याच्यात."

भूत नव्हतं. पण ते कळायला सात पिनांचं सॉकेट समजून घ्यावं लागतं.

ट्रॅक्टरच्या मागे जे गोल, झाकणाचं सॉकेट असतं, त्यात सात पिना असतात. प्रत्येकीचा नंबर आत प्लास्टिकवर कोरलेला असतो, मोबाईलची टॉर्च मारा, दिसेल. आयएसओ १७२४ हे त्याचं स्टँडर्ड. १ नंबर डावा इंडिकेटर, ४ उजवा इंडिकेटर. ५ उजवी टेल लाईट, ७ डावी टेल लाईट. ६ ब्रेक. २ मागच्या फॉग लॅम्पसाठी, आपल्याकडे बहुतेक रिकामी. आणि ३ नंबर अर्थ, म्हणजे करंट परत जायचा रस्ता. सॉकेट आणि प्लग समोरासमोर धरले की एकमेकांचं आरशातलं रूप दिसतं, म्हणून पिनेची जागा पाहून काम करू नका, नंबर वाचा.

स्टँडर्डमध्ये रंगही ठरलेले आहेत: एकपासून सातपर्यंत पिवळा, निळा, पांढरा, हिरवा, तपकिरी, लाल, काळा. नीट बघा, अर्थ पांढरा आहे. काळा म्हणजे डावी टेल लाईट. आपल्याकडे बॅटरीचं काम करणारा प्रत्येक माणूस काळी वायर दिसली की ती मायनस धरतो. लहानपणापासून तेच पाहिलंय, त्याचा दोष नाही. पण तयार केबल आणली आणि काळी बॉडीला मारली, की खेळ सुरू. तात्यांच्या ट्रॉलीवर नेमकं तेच झालं होतं. काळी ट्रॉलीच्या चॅसीला, आणि उरलेली पांढरी डाव्या टेल लाईटला.

आता लक्षणं जुळवून बघा. ट्रॉली टायरवर उभी, रबर करंट नेत नाही. ट्रॅक्टरशी तिचा लोखंडी संबंध फक्त दांडीच्या पिनेतून. ती पिन गंजलेली, ग्रीस लावलेली. उभं असताना ढिली, म्हणजे संपर्क नाहीच. मग इंडिकेटरचा करंट बल्बमधून चॅसीत उतरतो आणि परत जायला रस्ता शोधतो. त्याला सापडते डावी टेल लाईट, कारण तिचं दुसरं टोक पांढऱ्या वायरीने अर्थला जोडलंय. थोडा काळ्या वायरीतून ट्रॅक्टरच्या पार्किंग बल्बांतही जातो. इंडिकेटरचा बल्ब २१ वॅटचा, टेलचा ५ वॅटचा. असे एकामागे एक जोडले की जास्तीत जास्त व्होल्टेज छोट्या बल्बवर पडतं. तो मिचकतो, मोठा थंड राहतो. पार्किंग लावलं की काळ्या वायरीने अख्खी चॅसी १२ व्होल्टवर जाते. उजव्या टेल लाईटच्या दोन्ही टोकांना तेच १२, ती पेटणार कशी? आणि रस्त्यावर पिन ताणली गेली, गंज खरवडला गेला, लोखंडाला लोखंड भिडलं की अर्थ मिळतो, इंडिकेटर नीट चालतात. पण पार्किंग चालू असेल तर ती चॅसी सरळ शॉर्ट. फ्यूज गेला.

हे मला बघताक्षणी कळलं असं समजू नका, क्रमाने गेलो. आधी प्लग काढला आणि फक्त ट्रॅक्टरचं सॉकेट तपासलं. आमच्या धंद्यात याला बायनरी सर्च म्हणतात: आधी अर्धा भाग निर्दोष ठरवायचा. त्यासाठी टेस्ट लॅम्प, म्हणजे २१ वॅटचा बल्ब, दोन वायरी, एका टोकाला चिमटा. मल्टिमीटर असेल तर छान, पण तो फसवतो. वायरीचा एकच तार शिल्लक असला तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो करंट ओढतच नाही. बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो आणि खरं काय ते सांगतो. सॉकेटच्या प्रत्येक पिनेवर बल्ब नीट पेटला. ट्रॅक्टर सुटला.

मग प्लग लावला आणि पार्किंग बंद ठेवून एक जाड वायर बॅटरीच्या मायनसपासून थेट ट्रॉलीच्या चॅसीला धरली. सगळे इंडिकेटर लखलखीत. म्हणजे अर्थ नव्हता. तसंच धरून पार्किंग लावलं, फ्यूज फट्. म्हणजे कुठलीतरी पार्किंगची वायर बॉडीला बसलीये. ट्रॉलीचा जोड उघडला, पांढरी-काळी दिसली, अदलाबदल केली. सगळं मिळून तासभर लागला, त्यातला अर्धा तास पाना शोधण्यात.

शंभरातल्या बहुतेक ट्रॉल्यांवर इतकं नाट्य नसतं. तिथे साधा अर्थ गेलेला असतो. पार्किंग लावून ब्रेक दाबला की दिवा वाढण्याऐवजी विझतो, किंवा सगळे बल्ब एकत्र मंद मिचकतात. असं दिसलं तर बल्ब विकत आणू नका. अर्थची वायर चॅसीला जिथे नटने बसते तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, लग मारा, वरून ग्रीस. आणि दांडीच्या पिनेवर अर्थसाठी कधीच विसंबू नका, ती ओढायला आहे. सॉकेटच्या पिनांवर हिरवट थर आला असेल तर तो काढा, आणि ट्रॉली सोडल्यावर प्लग मातीत टाकू नका, दांडीला अडकवा.

फ्यूजचं जरा कडक बोलतो. तात्यांच्या फ्यूजबॉक्समध्ये मला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेला फ्यूज सापडला. आधीच्या ड्रायव्हरची कला. चांदी उडत नाही, मग वायर तापते, आणि ती वायर जाते वाळलेल्या पाचटाखालून. शॉर्ट शोधायचाच असेल तर उडालेल्या फ्यूजच्या जागी तोच २१ वॅटचा बल्ब जोडा. शॉर्ट असेपर्यंत तो पूर्ण पेटेल, पण करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जाणार नाही. मग केबल हलवत जा. जिथे हात लावल्यावर तो एकदम मंद होतो, तिथे वायर घासलीये. बहुतेकदा पाट्याजवळ किंवा दांडीच्या वळणावर. उंदरांनी कुरतडलेली असेल तर उघडी तांब्याची तारच दिसेल.

दोन ट्रॉल्या असतील तर वायरीची जाडी महत्त्वाची. अर्ध्या चौरस मिलिमीटरची स्वस्त वायर बारा मीटर ओढली, तर तिचा रोध ०.४ ओहम होतो. ब्रेकचे दोन बल्ब पेटले की जाताना सव्वा व्होल्ट गळतो, परत येताना अर्थमध्ये तितकाच. बल्बला मिळतात साडेनऊ, आणि फिलामेंटचा बल्ब असा आहे की इतक्या कमी व्होल्टेजला उजेड निम्म्याखाली येतो. तीच वायर अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर एकूण गळती अर्ध्या व्होल्टवर येते. अर्थची वायर तरी जाड घ्याच, कारण सगळ्या दिव्यांचा करंट तिच्यातूनच परत जातो. एलईडी लावलेत तर करंट कमी लागतो, हा प्रश्न बराचसा मिटतो, फक्त जुना फ्लॅशर त्यांच्यावर नीट चालत नाही, इलेक्ट्रॉनिक घ्यावा लागतो.

अमेरिकेत लोक गाडीमागे राहायची ट्रॉली लावून फिरतात, त्यांचंही सॉकेट सात पिनांचं. त्यातून ट्रॉलीचे ब्रेक आणि आतली बॅटरीसुद्धा चालते. तिकडेही दिवे गेले की पहिला संशय अर्थवरच.

एक विनंती ड्रायव्हर मंडळींना. हे सगळं दुपारी करा. रात्री उसाच्या कडेला, गुडघ्यावर बसून, पाठ शेताकडे करून वायर जोडायला आपल्या भागात कुणी तयार होणार नाही, आणि होऊही नये. बिबट्याला तुमचा टेस्ट लॅम्प माहीत नाही. आणि ऊस भरून झाला की एकदा मागे जाऊन बघा. वाढे लोंबून दिव्यावर आलेले असतात, किंवा काचेवर चिखल. वायरिंग शंभर टक्के बरोबर, आणि मागच्याला दिसतं शून्य.

वायरिंग झालं तरी लाल रिफ्लेक्टर टेप लावाच. त्याला ना बॅटरी लागते ना अर्थ. हंगामाच्या सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी लावून देतात, पण धुतली की सुटते, म्हणून एक रोल घरात ठेवा.

तात्यांची खेप त्या रात्री नऊला निघाली. मी बाईकवर मागे मागे गेलो, कळंबपर्यंत. दोन्ही टेल लाईट लांबून दिसत होत्या. दुसऱ्या ट्रॉलीची केबल अजून जुनीच आहे, ती पुढच्या शनिवारी. तिचा प्लग तर कुणीतरी कापूनच टाकलाय, वायरी सरळ पिळून जोडल्यात, सातही एकाच रंगाच्या. त्या कशा ओळखायच्या ते पुढच्या भागात सांगतो. राम राम.