सांगणे आणि विचारणे



'वक्तृत्व आणि संवाद' या विषयावर आम्ही बोलावे, अशी संस्थेची आज्ञा आहे. आम्ही काही नामांकित वक्ते नाही. बँकेच्या काउंटरवर दिवसभर माणसांशी बोलणे, एवढाच आमचा अभ्यास.

या विषयाचा प्राचीन पुरावा आपल्या पालघर जिल्ह्यातच आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपारा येथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्याचा पूर्ण आशय गिरनारसारख्या ठिकाणच्या प्रतींवरून कळतो. पूर्वीचे राजे शिकारीला व मौजेला निघत. अशोक धम्मयात्रेला निघाला. गावोगावच्या लोकांना भेटून करायची दोन कामे त्यात आहेत : धम्माचा उपदेश आणि धम्माविषयी परिपृच्छा, म्हणजे विचारपूस. एवढा मोठा सम्राट, पण केवळ सांगून थांबला नाही!

भगवान बुद्धांचे वचन छंदोबद्ध भाषेत घालण्याची परवानगी दोन भिक्खूंनी मागितली, ती त्यांनी नाकारली, असे चुल्लवग्गात आहे. बाबासाहेबांनी मोठे ग्रंथ इंग्रजीत लिहिले. परंतु १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ते मराठीत बोलले. नागपूरच का निवडले, ही लोकांच्या मनातली शंकाही त्यांनी भाषणातच फेडली. श्रोत्याचा प्रश्न ओळखणे हेच खरे वक्तृत्व.

आमची एक चूक सांगतो. बोईसरला एक आजी निराधार योजनेचे पैसे काढायला आल्या. "केवायसी नाही, खाते निष्क्रिय आहे," असे आम्ही दोनदा मोठ्याने सांगितले. "बरं साहेब," म्हणून त्या गेल्या. महिन्याने शेजारणीला घेऊन आल्या तेव्हा कळले, आपले पैसे बुडाले असे समजून त्या महिनाभर उसनवारीवर जगल्या. शब्द आम्ही बरोबर उच्चारले होते, "आजी, काय समजलं?" एवढेच विचारले नव्हते.

आपल्या जयंतीच्या व्यासपीठावरही असेच घडते. लाऊडस्पीकर मोठा, टाळ्या मोठ्या, पण प्रश्नाला वेळ नाही. म्हणून आमची सूचना आहे : प्रत्येक भाषणानंतर पंधरा मिनिटे प्रश्नांसाठी ठेवावीत आणि वक्तृत्व स्पर्धेत पाठ केलेल्या भाषणानंतर एक प्रश्न विचारून त्यालाही गुण द्यावेत.

आजपासूनच सुरुवात करू. आम्ही बसत नाही. विद्यार्थी मित्रहो, विचारा.

जय भीम! नमो बुद्धाय!