ब्राइड्समेडच्या ड्रेसचे पैसे कोणी द्यायचे?

आजचा एपिसोड छोटा आहे, कारण प्रश्न एकच आहे. आपली एक श्रोती अमेरिकेत एमएस करतेय. तिच्या अमेरिकन रूममेटचं लग्न ठरलं आणि तिने हिला ब्राइड्समेड व्हायला सांगितलं. ही एकदम खूश! मग ग्रुपवर ड्रेसची लिंक आली. 150 डॉलर, आणि खाली मेसेज: 'सगळ्यांनी शुक्रवारपर्यंत ऑर्डर करा.' ती विचारतेय, "हे पैसे मी द्यायचे?"

तर ऐक. तुला हा प्रश्न पडला म्हणून तू कंजूस नाहीस. आपल्याकडे करवलीला साडी घरातून मिळते, मानाची. ब्रिटनमध्येही ब्राइड्समेडचा ड्रेस बहुतेक वेळा नवरी किंवा तिच्या घरचे घेतात. अमेरिकेत मात्र साधारण पद्धत अशी, की ड्रेस, चपला, अल्टरेशन हे ब्राइड्समेडने स्वतः भरायचं. म्हणजे तुझी रूममेट तुला फसवत नाहीये. तिला हे सांगण्यासारखं वाटलंच नसेल.

पण पद्धत कळली म्हणून खात्यात पैसे येत नाहीत ना! एफ-1 व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासच काम करता येतं. समजा तासाला 15 डॉलर मिळतात. मग हा ड्रेस म्हणजे 10 तास, अर्ध्या आठवड्याची कमाई. प्रवासखर्च वेगळाच.

माझं मत सांगते. ड्रेस जी निवडते, तिने 'होशील का?' विचारतानाच आकडा सांगावा. ऑफिसात आपण एस्टिमेट न बघता टास्क घेतो का? आणि तोच महागडा ड्रेस हवा असा हट्ट असेल, तर वरचा फरक तिने भरावा.

आता तू काय करायचंस? ग्रुपवर काही लिहू नकोस. तिला एकटीला गाठ आणि सरळ सांग, "मला तुझ्या बाजूला उभं राहायचंय. माझ्याकडून 60 डॉलर होतील. त्यात बसेल असं काही चालेल का?" भाड्याचा ड्रेस, सेकंडहँड, किंवा त्याच रंगाचा दुसरा. दुसऱ्या दुकानातून घेणार असशील तर आधी कापडाचा तुकडा जुळवून बघ, नाव एकच असलं तरी शेड वेगळी निघते. आणि हे शुक्रवारच्या आत बोल. असे बरेच ड्रेस ऑर्डर आल्यावर शिवतात, परत घेत नाहीत.

ती नाहीच म्हणाली, तर पाहुणी म्हणून जा. मैत्री ड्रेसवर अडायला नको.

आणि इथे हळदीसाठी मैत्रिणींना पिवळ्या लेहंग्याची लिंक पाठवणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठीही आहे बरं का! ग्रुपवर कोणी काही बोललं नाही, म्हणजे सगळ्यांना परवडलं असं नसतं. एकेकीला विचारा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!