शेवटच्या ओळीतली लेझीम
(रेल्वे मैदान, बिलासपूर येथे लेझीम सरावाच्या पहिल्या दिवशी केलेले भाषण)



मी डिप्लोमावाला इंजिनीअर, भाषणाची सवय नाही. पण सराव सुरू करण्यापूर्वी एक कबुली द्यायची आहे.

गेल्या वर्षी सरावात शेवटची ओळ सारखी मागे पडायची. मी पुढे हलगीजवळ उभा असे. एका छत्तीसगढी सहकाऱ्याच्या मुलाला मी सर्वांदेखत झापले, "लक्ष कुठे आहे तुझे?" दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही.

त्याच्या जागी मीच लेझीम घेऊन उभा राहिलो. पुढच्यांचे हात आधी हललेले दिसत आणि हलगी नंतर ऐकू येई! आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. आपली रांग ३४ मीटरची, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग उशीर. मागची लेझीम हलगीपर्यंत ऐकू यायला आणखी तेवढाच. सेकंदाला दोन ठोके पडत असताना एवढा फरक कानाला खटकतोच. मुलगा ऐकू येईल तसे बरोबरच वाजवत होता. चूक माझी होती.

मी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. आज तो आला आहे. शेवटच्या ओळीतच उभा आहे.

यंदा हलगीच्या ठोक्याबरोबर पुढे उंच झेंडी हलेल. मागच्यांनी कानापेक्षा डोळ्यांवर भिस्त ठेवावी. आणि आम्ही पुढच्यांनी रागावण्याआधी एकदा मागे जाऊन उभे राहावे.

गणपती बाप्पा मोरया!