एका घरातल्या दोन गोळ्या



माझी आपा स्किझोफ्रेनियासाठी ओलान्झापिन घेते. मी एडीएचडीसाठी मिथाइलफेनिडेट. तिची गोळी मेंदूतल्या डोपामिनचा परिणाम अडवते, माझी डोपामिन वाढवते. दुष्परिणामही बरेचसे उलटे. तिला भूक आणि झोप फार, वजन वाढतं. माझी भूक मरते, झोप उडते, छातीत धडधडतं. इफ्तारला नातेवाईक तिला ‘खादाड’ म्हणतात, मला ‘परहेजगार’. दोन्ही चूक, तो गोळ्यांचा परिणाम आहे.

एका रमजानमध्ये हे टोमणे ऐकून आपाने गोळी सोडली. कुणीतरी सांगितलंही होतं, ‘दुआ पुरेशी आहे.’ ईदपर्यंत तिला पुन्हा आवाज ऐकू येऊ लागले. खरं तर तिची गोळी रात्री एकदाच असते, रोजा अडतच नव्हता. माझी मात्र सकाळची. पण आजाऱ्याला सवलत कुरआननेच दिली आहे.

म्हणून एवढंच सांगतो. दुष्परिणाम खरे आहेत, ते डॉक्टरांना सांगा. डोस किंवा औषध बदलता येतं. आपाचं वजन आणि साखर, माझा रक्तदाब आणि नाडी आम्ही नियमित तपासतो. दुआ जरूर करा, गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. आणि दस्तरखानावर कुणाचं ताट मोजू नका.